तारेचं विणकाम: चौकट, गोफ की कड्या?

माझ्याकडे शिकायला येणारे बरेच जण फोनवर तीन फोटो दाखवतात. पहिल्यात खड्याभोवती बारीक तारेने विणलेलं पेंडंट असतं. दुसऱ्यात नळीसारखा गोल, मऊ गोफ असतो. तिसऱ्यातली साखळी त्या गोफासारखीच दिसते, फक्त अंगाने भरीव आणि जुन्या घडणीची वाटते. तिन्हींना सरसकट 'वायर वीव्हिंग' म्हणतात, आणि "यातलं आधी काय शिकू?" हा प्रश्न ठरलेला असतो.

आधी काय बनवायला आवडेल हे मी विचारत नाही. चूक झाली तर ती कुठे होते आणि परत घेता येते का, हे आधी सांगते. लोकर उसवली तरी ती लोकरच राहते. तारेचं तसं नाही. तार वाकली की धातूच्या आतली रचना सरकते आणि ती जागा पहिल्यापेक्षा कडक होते. एकदा उसवलेली बारीक तार चालून जाते, पण दुसऱ्यांदा उसवली की बहुतेक वेळा त्याच वळणावर तुटते. या तिन्ही पद्धती चुकीला वेगवेगळी वागणूक देतात आणि माझी सगळी तुलना त्यावरच उभी आहे.

चौकटीवरचं विणकाम

दोन किंवा तीन जाड तारा समांतर धरायच्या आणि बारीक तार त्यांच्यावरून फिरवत न्यायची. पायाच्या तारा साधारण 0.8 मिलिमीटरच्या घ्यायच्या, विणायची तार 0.3 ची. एका तारेवर तीन वेढे, दोन्हींना मिळून दोन, मग दुसरीवर तीन, अशा मोजणीतून नक्षी तयार होते. मोजणी बदलली की नक्षी बदलते. विणून झालेली पट्टी वाकवून तिला पानाचा, थेंबाचा किंवा खड्याच्या कोंदणाचा आकार द्यायचा. आग लागत नाही, डाख लागत नाही. कापायची पक्कड, गोल टोकाची पक्कड, चपट्या टोकाची पक्कड आणि चांगला उजेड एवढ्यावर काम होतं.

तार किती लागेल याचा अंदाज मात्र बहुतेकांचा चुकतो. 0.3 ची तार 0.8 च्या तारेभोवती एक वेढा घेते तेव्हा जवळपास साडेतीन मिलिमीटर खर्च होते. 1 सेंटीमीटर लांबी भरायला तेहतीसेक वेढे बसतात, म्हणजे साडेअकरा सेंटीमीटर तार. पायाच्या दोन तारा 12-12 सेंटीमीटर विणायच्या असतील तर अडीच ते पावणेतीन मीटर तार प्रत्येक वेढ्याला पूर्ण ओढून घ्यावी लागते. या ओढण्यातच तिला पीळ पडतो आणि घडी बसते. नवखा माणूस घडी दिसली की तार ताणून सरळ करायला जातो आणि तार तिथेच तुटते. त्याऐवजी घडीचे दोन्ही पाय बोटांत धरून, पीळ उलटा फिरवून ती उघडावी.

चूक इथे लगेच दिसते. दोनऐवजी तीन वेढे पडले तर पुढच्याच ओळीत नक्षी सरकते. तेव्हाच थांबलात तर चार-पाच वेढे सुखरूप उसवता येतात. "पुढे बघू" म्हणून विणत राहिलात तर नंतर तो भाग कापून टाकण्यावाचून मार्ग नसतो. डोळ्याला आणि मोजणीला इतकी शिस्त लावणारं दुसरं तारकाम मला माहीत नाही. वेळ मात्र फार जातो. सराव असूनही मध्यम आकाराच्या एका पेंडंटला माझा अख्खा दिवस लागतो. विकायचा विचार असेल तर हे तास पहिल्या दिवसापासून वहीत लिहा. नाहीतर तारेची किंमत धरली जाते आणि हाताची राहून जाते.

व्हायकिंग निट, म्हणजे गोल गोफ

इथे काम एका दांडीभोवती चालतं. पेन्सिलीएवढी लाकडी दांडी पुरते. तारेच्या पाच-सहा पाकळ्यांची सुरुवात तिच्या टोकाला बांधायची आणि मग तार वरच्या फासामागून काढत गोल गोल खाली यायचं. दुहेरी विणीत तार वरच्या दोन फासांच्या मागून जाते, त्यामुळे गोफ दाट होतो. एका वेळी हातभर तार घ्यायची, संपली की नवी जोडायची आणि टोकं आत दडवायची. शेवटी दांडी काढून गोफ लाकडी पट्टीच्या भोकांतून, मोठ्याकडून लहानाकडे, ओढायचा. तो बारीक होतो, लांब होतो आणि फास एकमेकांत नीट बसतात.

ही ओढाई मला फार आवडते. पट्टीत घालण्यापूर्वी शिकणाऱ्याच्या हातात वाकडीतिकडी, कमीजास्त ताणाची जाळी असते. बाहेर येताना तोच गोफ एकसारखा होऊन येतो. चूक उसवता येत नाही, पण लहानसहान चूक ओढण्यात मिटते. सुटलेला फास तेवढा मिटत नाही. तो उभ्या रेघेसारखा शेवटपर्यंत दिसत राहतो, म्हणून दर फेरीला फास मोजायचे.

व्हायकिंग काळातल्या चांदीच्या अशा साखळ्या स्कँडिनेव्हियात आणि स्कॉटलंडमध्ये सापडल्या आहेत. पुरातत्त्वाच्या लिखाणात या कामाला 'ट्रिचिनॉपॉली' म्हणतात. ते तिरुचिरापल्लीचं जुनं इंग्रजी रूप आहे.

मर्यादा एकच, पण मोठी: आकार. गळ्यातलं, हातातलं, फार तर कानातलं लटकन होतं. खडा बसवायचा असेल तर हा गोफ फक्त पेंडंट अडकवायच्या कामाचा.

लूप-इन-लूप

फोटोत ही साखळी गोफासारखी दिसते, पण हिच्यात सलग तार नसते. प्रत्येक कडी आधी जोडून बंद करायची, मग मधोमध दाबून लांबट करायची, दुमडायची आणि आधीच्या कडीतून ओवायची. इराकमधल्या ऊर इथल्या राजघराण्याच्या थडग्यांत, सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या दागिन्यांत, सोन्याच्या अशा साखळ्या मिळाल्या आहेत.

कडी जोडायला आग लागते. शुद्ध चांदीची दोन टोकं एकमेकांना पूर्ण टेकवून ज्योत कडीभर फिरवली की पृष्ठभाग क्षणभर आरशासारखा चमकतो आणि डाखेशिवाय टोकं एकजीव होतात. शुद्ध चांदी 962 अंश सेल्सिअसला वितळते, त्यामुळे त्या चमकेनंतर ज्योत पळभर जास्त राहिली तरी कडीचा गोळा होतो. स्टर्लिंग चांदीत 7.5 टक्के तांबं असतं. ते तापताना काळवंडतं आणि जोड नीट बसत नाही. नुसत्या तांब्याचीही तीच अडचण. म्हणून स्वस्त तारेवर सराव करून नंतर चांदीकडे वळण्याची सोय इथे जवळजवळ नाही.

चुकीच्या बाबतीत मात्र हीच पद्धत सर्वांत दयाळू आहे. बिघडलेली कडी ओवण्याआधीच बाजूला पडते, बाकीच्यांना धक्का लागत नाही. कच्चा जोड ओवल्यानंतर उघडला तर त्रास होतो, म्हणून प्रत्येक कडी आधी ताणून पाहायची. गळ्यातल्या दुहेरी साखळीला शंभराहून जास्त कड्या लागतात. तेवढ्या एका बैठकीत करण्याचा हट्ट धरू नका. डोळा थकला की ती चमक निसटते.

धातूविषयी थोडं

पहिल्या दोन पद्धतींसाठी नरम, कोटिंग नसलेली तांब्याची तार घ्या. रंगीत कोटिंगची तार सुंदर दिसते, पण पक्कड लागली की ओरखडा उठतो आणि ती तापवून पुन्हा नरमही करता येत नाही. जर्मन सिल्व्हरपासून लांब राहा. त्यात चांदी अजिबात नसते, तांबं, निकेल आणि जस्त असतं, आणि निकेलने अनेकांच्या कातडीला खाज सुटते. तांब्याने कातडीवर हिरवट डाग पडतो, तो धुतला की जातो.

तार गेजवर, म्हणजे जाडीच्या क्रमांकावर नाही, मिलिमीटरवर मागा. 26 गेज म्हणजे अमेरिकी मापात 0.40 मिलिमीटर आणि ब्रिटिश मापात 0.46. कागदावर हा फरक किरकोळ वाटतो, पण शेकडो वेढ्यांत नक्षीची लांबी बदलून जाते.

शिकवायचंही असेल तर

गटाला शिकवायला व्हायकिंग निट सोपं पडतं, पण एक अडचण आहे. त्यातला सर्वांत अवघड भाग अगदी सुरुवातीला येतो, आणि पाकळ्या हातात लोळत असताना माणूस हिरमुसतो. मी तीन फेऱ्या विणून झालेल्या दांड्या हातात देते. सगळे चौथ्या फेरीपासून विणतात. हात बसला की शेवटच्या अर्ध्या तासात प्रत्येकाकडून स्वतःची सुरुवात बांधून घेते.

चौकटीच्या विणकामाला पहिला सराव 1 मिलिमीटरच्या पायावर 0.4 च्या तारेने द्यावा. वेढे मोठे दिसतात, चूक दुरून कळते. डावखुऱ्यांना शेजारी न बसवता समोर बसवावं म्हणजे त्यांना माझे हात आरशातल्यासारखे दिसतात. कापताना सर्वांच्या डोळ्यांवर चष्मा हवाच. बारीक तुकडा कुठे उडेल ते सांगता येत नाही.

लूप-इन-लूप मी एका वेळी दोघांपेक्षा जास्त जणांना शिकवत नाही. केस बांधलेले, अंगात सुती कपडे, पाणी हाताशी, आणि पेटलेल्या ज्योतीवरून माझी नजर हटत नाही. याहून मोठा गट घेण्याचा आग्रह झाला तर मी नकार देते.

मग निवड

खड्यांची ओढ असेल, एका जागी तासन् तास बसणं जमत असेल तर चौकट. याआधी पक्कड धरलीच नसेल, किंवा आठवडाभरात काहीतरी पूर्ण करून अंगावर घालायचं असेल तर व्हायकिंग निट. ज्योतीची सवय आधीपासून असेल तर सरळ लूप-इन-लूप घ्या. सवय नसेल तर तिला तिसरा क्रमांक द्या, कारण आग आणि वीण एकदम शिकायला गेलं की दोन्ही अर्धवट राहतात.

मला कोणी फक्त एकच निवडायला सांगितलं तर मी चौकट निवडेन, जरी ती सर्वांत हळू हाती येत असली तरी. तिच्यात मिळालेला ताणाचा अंदाज बाकीच्या दोन्हींना उपयोगी पडतो. गोफ शिकून चौकटीकडे आलेल्यांना मात्र सैल हात घट्ट करायला महिनोन् महिने लागलेले मी पाहिले आहेत.

चांदीकडे वळताना नवी नक्षी घेऊ नका. तांब्यात चार-पाच वेळा केलेलीच नक्षी चांदीत करा. शुद्ध चांदी तांब्यापेक्षा नरम असते, नेहमीच्या जोराने ओढली तर पायाची तार वाकते. पहिल्या दोन-तीन सेंटीमीटरमध्ये बोटांचा जोर कमी करत न्या आणि जुना तांब्याचा नमुना शेजारी ठेवून वेढे जुळवत जा.