पिमोबेंडन या कुत्र्यांच्या हृदयाच्या औषधाची चघळायची गोळी: १४ महिन्यांचा अनुभव

पिंट्या, आमचा डॅशहंड, ११ वर्षांचा, वजन १० किलो. लसीसाठी नेलं होतं. डॉक्टरांनी स्टेथोस्कोप लावला आणि नेहमीपेक्षा बराच वेळ ऐकत राहिले. हृदयाची मायट्रल झडप जाड झाली होती, नीट मिटत नव्हती, दर ठोक्याला थोडं रक्त मागे डाव्या अलिंदात, म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्यात, जात होतं. कुत्रा मात्र ठणठणीत, घरी येऊन चेंडूमागे धावला.

नुसतं मर्मर (ठोक्यांमधला जादा आवाज) ऐकू आलं म्हणून डॉक्टरांनी गोळी दिली नाही, आधी इको (हृदयाची सोनोग्राफी) केला, हे मला फार पटलं. अलिंद महाधमनीच्या १.७ पट निघालं (१.६ आणि त्यापुढे म्हणजे मोठं झालेलं), डावं निलय (खालचा कप्पा) ही रुंदावलेलं. म्हणजे बी-२ टप्पा: हृदय मोठं झालंय, पण त्रास अजून दिसत नाही. हृदय मोठं झालं नसेल तर ही गोळी सुरू करत नाहीत. बी-२ मध्ये मात्र तिचा उपयोग सिद्ध झालाय: अशा कुत्र्यांवरच्या २०१६ च्या एपिक अभ्यासात हार्ट फेल्युअर साधारण १५ महिने पुढे गेलं होतं. ती हृदयाच्या आकुंचनाला जोर देते आणि रक्तवाहिन्या सैलावते. झडप दुरुस्त करत नाही, हे आधीच समजून घ्या.

आम्हाला ५ मिलिग्रॅमची अर्धी सकाळी, अर्धी संध्याकाळी सांगितली. गोळीला मांसासारखा वास असतो, त्यामुळे पिंट्या स्वतःहून हातातून घेतो, जबडा उघडावा लागत नाही. पण त्याच वासापायी एकदा त्याने खालच्या कप्प्यातली डबी शोधून कुरतडायला घेतली होती. वेळीच पाहिलं. जास्त गोळ्या पोटात गेल्या तर धोका असतो, डबी उंचावर ठेवा. तक्रार एकच: मधल्या रेघेवर मोडली तरी कधीकधी भुगा होतो.

गोळी जेवणाआधी तासभर द्यायची असते. पहिला महिना हेच जड गेलं. वाडगं बघून तो भुंकायचा आणि मी घड्याळाकडे बघत बसायचे.

गुण आला की नाही हे बाहेरून कळत नाही, कारण कुत्रा आधीही ठणठणीतच दिसतो. म्हणून कुणी मधेच बंद करू नका. मी रोज रात्री तो गाढ झोपला की छातीवर नजर ठेवून अर्धा मिनिट श्वास मोजते आणि दुप्पट करून वहीत लिहिते. मिनिटाला ३० च्या आत हवेत. वर्षभर १८ ते २२ होते. तेराव्या महिन्यात एका रात्री ३८ आले, पुन्हा मोजले, ४०. लगेच नेलं. एक्सरेत फुप्फुसात पाणी दिसलं. फ्युरोसेमाईड (लघवीवाटे पाणी काढणारं औषध) जोडलं, पिमोबेंडन चालूच. आता पाणी फार पितो, रात्रीतून दोनदा बाहेर न्यावं लागतं, त्याचं मला काही वाटत नाही.

गोळीला मी दोष देत नाही. ते वर्ष तो जिन्यावरून धावत खाली आला, माझ्या पायाशी झोपला. डॉक्टर लिहून देतील तर नक्की द्या, इको झाल्याशिवाय मात्र मागू नका.

कालचा आकडा २४.