‘द एक्स्पान्स’ आईला दाखवून पाहिली

‘द एक्स्पान्स’ ही अंतराळातली इंग्रजी मालिका घरी लावली. पहिल्या भागाची वीस मिनिटं झाली आणि बायको उठली. “सगळा अंधारच आहे. एवढी मोठाली जहाजं बांधली, एक ट्यूबलाइट लावता येईना?” असं म्हणून ती पेपर तपासायला आत गेली, ती पुढचे ६१ भाग काही बाहेर आली नाही. आई मात्र बसून राहिली. ७२ वर्षांची आहे, गुडघा दुखतो, एकदा बसली की उठायचा कंटाळा. सुरुवातीला कारण एवढंच होतं.

मी लातुरात अकरावी-बारावीच्या पोरांना फिजिक्स शिकवतो. ही मालिका मी याआधी दोनदा पाहिलेली. तिसऱ्यांदा पाहिली ती साडूमुळे. त्याचं म्हणणं, अंतराळ, जहाज, ग्रह असलं काही दिसलं की साधा माणूस चॅनल बदलतो. हे तुमच्यासारख्या चार खुळ्यांचं काम. आमच्या घरात साधा प्रेक्षक म्हणजे आई. रात्री आठची मालिका चुकवत नाही, इंग्रजी येत नाही. मग मी रिमोट हातात घेऊन दुभाषा झालो. दोन वाक्यं ऐकायची, थांबवायचं, सांगायचं. पाऊण तासाचा भाग दीड तास चालायचा.

गोष्ट तेविसाव्या शतकातली. पृथ्वीवर संयुक्त राष्ट्रांचं राज्य, मंगळ वेगळा होऊन लष्करी सत्ता बनलेला, आणि या दोघांसाठी लघुग्रहांच्या पट्ट्यात पिढ्यान्‌पिढ्या राबणारे बेल्टर. कॅन्टरबरी नावाचं एक जुनं जहाज शनीच्या कड्यांतून बर्फ काढून सेरेस नावाच्या खुज्या ग्रहावर नेत असतं. बर्फ कशाला, तर प्यायला. सेरेसवर पूर्वी हजार पिढ्यांना पुरेल इतका बर्फ होता, तो पृथ्वी आणि मंगळानं ओरबाडून नेला, असं एक जण चौकात उभा राहून ओरडून सांगतो. इथं आई पहिल्यांदा पुढं सरकली. “म्हणजे तिथंबी टँकरच का?”

हो, टँकरच. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं, ते आमच्या घरात कुणी विसरलेलं नाही. पहिल्या फेरीत दहा वाघिणी, पाच लाख लिटर. त्याआधी पाणी भरण्याच्या ठिकाणांवर जमावबंदी लावली होती. कॅन्टरबरी उडवलं जातं आणि सेरेसवर पाण्याची रेशनिंग सुरू होते, पोरं पाणी चोरतात, पोलीस त्यांच्यामागं लागतात, तेव्हा मला भाषांतर करावंच लागलं नाही. आईच मला सांगत होती की आता दंगल होणार. झाली.

माझ्या मते या मालिकेची खरी ताकद हीच आहे. तिच्यातली माणसं विश्वाचं रहस्य शोधायला निघालेली नाहीत, ती ड्यूटीवर निघालेली आहेत. बर्फाच्या ढेपेत सापडून एका कामगाराचा हात जातो आणि चर्चा चालते ती नवा हात कसला मिळणार याची. घरमालक हवेचे फिल्टर बदलत नाही म्हणून लेकरं खोकतात आणि मिलर नावाचा पोलीस त्या मालकाकडून हप्ता खातो. टोपीवाला, वाया गेलेला, तरी आवडणारा हा मिलर थॉमस जेननं फार छान उभा केलाय. बेल्टरांची बोलीसुद्धा नुसता गोंधळ नाही. निक फार्मर या भाषातज्ज्ञानं ती रीतसर घडवलीय. स्पेससूटमध्ये मान हलवलेली दिसत नाही, म्हणून ही माणसं होय-नाही हातानं सांगतात आणि सूट काढल्यावरही ती सवय जात नाही. पुण्यातल्या हॉस्टेलवर माझ्या लातुरी ‘काय करलालास’वर दोन वर्षं हसले होते. मंगळ-पृथ्वीवाल्यांनी बेल्टरांची नक्कल केली की मला अजूनही त्या मेसचा वास येतो.

आता फिजिक्स. त्याशिवाय मला राहवणार नाही. जहाजातलं गुरुत्व इथं जादूनं येत नाही. इंजिन चालू असेल तर त्याच्या रेट्यानं पाय जमिनीला टेकतात, बंद झालं की तरंगा. म्हणून जहाजाचे मजले उंच इमारतीसारखे, इंजिनाच्या डोक्यावर एकेक रचलेले. निम्मं अंतर कापल्यावर जहाज उलटं फिरवून तेच इंजिन ब्रेक म्हणून चालवायचं. जास्त रेटा सोसायला खुर्चीतूनच इंजेक्शन. वर्गात न्यूटनचा तिसरा नियम शिकवताना मी हेच सांगतो.

पण सेरेसचं गणित गंडलेलं आहे. स्वतःभोवती फिरवून तिथं ०.३ जी, म्हणजे पृथ्वीच्या ०.३ पट, गुरुत्व आणलंय म्हणतात. सेरेसचा व्यास सुमारे ९४० किलोमीटर. म्हणजे एक फेरी साधारण ४२ मिनिटांत व्हायला हवी. सेरेसचं स्वतःचं गुरुत्व ०.०३ जीसुद्धा भरत नाही, एवढ्या वेगात फिरवला तर तो सुटा होऊन उधळेल. दुसरं, मिलर ग्लासात दारू ओततो तेव्हा धार वाकडी पडते, कोरिऑलिस परिणाम म्हणून, म्हणजे फिरत्या जागेत पडणारी वस्तू बाजूला सरकते तसं. एवढ्या मोठ्या गोळ्यावर ती धार मिलिमीटरभरही वाकणार नाही. मी हे बारावीच्या बॅचला गणित म्हणून घातलं होतं, तिघांना जमलं. तरीही ते दृश्य मला आवडतं. दारू ओतता ओतता, एक शब्द न बोलता, ही जागा आपली नाही हे कळतं. बाहेरच्या दृश्यांत निर्वातात इंजिनाचे आवाज येतात, तेही सोडून दिलं.

साडूचं म्हणणं खरं ठरतं ते सुरुवातीच्या तीन भागांत. सेरेस, जहाज, पृथ्वी अशा तीन ठिकाणच्या तीन गोष्टी एकाच वेळी सुरू होतात, नावांचा भडिमार होतो, आणि कोण कुणाच्या बाजूचं हे कळायच्या आत बाजू बदलतात. आईनं दोनदा विचारलं, “हा मघाचाच का दुसरा?” मला स्वतःला पहिल्यांदा पाहताना वहीत नावं लिहावी लागली होती. चौथ्या भागात मंगळाच्या युद्धनौकेवर हल्ला होतो, एका पात्राचं डोकं जागच्या जागी उडतं आणि बाकीचे रडायचं सोडून आधी भिंतींची भोकं बुजवतात, कारण हवा चाललीय. तिथून कुणी उठत नाही. पण तिथवर पोचायला तीन तास लागतात आणि आठच्या मालिकेचा प्रेक्षक तीन तास उधारीवर देत नाही.

आई टिकली ती अवसराला बाईंमुळे. क्रिस्जेन अवसराला, संयुक्त राष्ट्रांतल्या बड्या अधिकारी. जरीच्या साड्या, कानात-गळ्यात ठसठशीत दागिने, शोहरे अगदाश्लू यांचा खर्जातला घोगरा आवाज. मूळ कादंबऱ्यांत ही बाई दुसऱ्या पुस्तकात येते, मालिकेनं तिला पहिल्याच भागात आणली. शहाणपणा केला. पहिल्यांदा दिसते ती नातवाशी खेळताना, आणि तिथून उठून जाते ती हुकांना टांगलेल्या बेल्टरची चौकशी करायला. पृथ्वीचं गुरुत्वच त्या पोराला चिरडत असतं, वेगळा मार द्यावाच लागत नाही. आई बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “बाई वाईट हाय. पण तिला घर हाय.” नंतर रोज रात्री प्रश्न एकच, आज साडीवाली आहे का? बाईंच्या शिव्यांचं भाषांतर मी गाळायचो. आईला स्वरावरून बरोबर कळायचं.

साडूला मी एक गोष्ट सांगितली. डिसेंबर २०१५ मध्ये सायफाय वाहिनीवर सुरू झालेली ही मालिका तीन सीझननंतर, मे २०१८ मध्ये बंद करायचं ठरलं. त्या वाहिनीकडे फक्त अमेरिकेत टीव्हीवर पहिल्यांदा दाखवण्याचे हक्क होते, म्हणजे ठरल्या वेळी टीव्हीसमोर बसणारा प्रेक्षक तेवढा त्यांच्या कामाचा. नंतर सवडीनं पाहणारे आमच्यासारखे हिशेबातच नव्हते. ती दुसऱ्या कुणीतरी चालू ठेवावी म्हणून चाहत्यांनी लाखावर सह्या जमवल्या, अॅमेझॉनच्या स्टुडिओवरून विमानाला फलक बांधून फिरवला, आणि त्याच महिन्यात अॅमेझॉनचा संस्थापक जेफ बेझोस यानं मालिका बंद होण्यापासून वाचल्याचं जाहीर केलं. साडू म्हणाला, “म्हणजे श्रीमंत माणसाला आवडली म्हणून चालली.” यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

चौथा सीझन मला स्वतःला जड गेला. एका नव्या ग्रहावरच्या वस्तीत सगळं अडकून पडतं आणि आई दोन रात्री खुर्चीतच झोपली. पाचवा पुन्हा उचलतो. नाओमी या बेल्टर इंजिनिअरचा त्यातला एकटीचा भाग डॉमिनिक टिपरनं जिवाच्या करारानं केलाय. जानेवारी २०२२ मध्ये संपलेला सहावा सीझन जेमतेम सहा भागांचा. नऊ कादंबऱ्यांपैकी सहाच पडद्यावर आल्या, आणि शेवटच्या सीझनमध्ये एका दूरच्या ग्रहावरच्या मुलीचं वेगळंच कथानक सुरू करून ठेवलंय, ते कुठंच पोचत नाही. मला माहीत होतं, तरी मी आईला आधी सांगितलं नाही.

पाहायची असेल तर प्राइम व्हिडिओवर, सबटायटल लावून, खोलीतले दिवे घालवून पाहा. अंधाराबद्दल बायकोचं बरोबर आहे. घरच्यांना घेऊन बसणार असाल तर पहिल्या तीन भागांत कोण कुठला हे सांगायला शेजारी कुणीतरी हवं, आणि बोलताना थांबवलेलं त्याला चाललं पाहिजे.

शेवटची नावं सुरू झाली तेव्हा आईनं विचारलं, “त्या पोरीचं काय झालं मग? भाऊ जिवंत झाला होता तिचा.” म्हटलं, ते पुस्तकात आहे, मालिकेत नाही.

“मग पुस्तक मागव की.”

मागवलंय. इंग्रजी आहे. रोज रात्री साडेआठला, तिची मालिका संपली की, चार पानं सांगतो.