ओईटी लिसनिंगचे मोफत सराव संच: परीक्षा म्हणून खणखणीत, धडा म्हणून अर्धवट

नागपुरात मेडिकल चौकापासून धंतोलीपर्यंत ओईटीची, म्हणजे परदेशात काम करू इच्छिणाऱ्या वैद्यकीय लोकांच्या इंग्रजी परीक्षेची, तयारी करणाऱ्या कुठल्याही सिस्टर-ब्रदरचा मोबाईल बघा, ओईटीच्या अधिकृत वेबसाइटवरून डाउनलोड केलेले लिसनिंगचे मोफत संच त्यात असतातच. एका संचात ऑडिओ, प्रश्नपत्रिका, उत्तरं आणि बोललेलं सगळं लिहून दिलेली स्क्रिप्ट असते. दर्जाबद्दल शंका नाही. आवाज स्वच्छ, बोलणं खऱ्या ओपीडीतल्यासारखं, आणि काठिण्य परीक्षेच्या तोडीचं. अडचण येते ती वापरताना.

आधी एक फसगत टाळा. ओईटी १२ वैद्यकीय व्यवसायांसाठी आहे, पण लिसनिंग आणि रीडिंग सगळ्यांना सारखंच असतं. वेगळं असतं ते रायटिंग आणि स्पीकिंग. नर्सिंगचा संच सोडवून झाल्यावर ‘आता डॉक्टरांचाही बघू’ म्हणून दुसरा उघडला, तर लिसनिंग तेच निघतं. मोफत संच मोजकेच आहेत, त्यामुळे मोजदाद नीट ठेवा.

पेपरची बांधणी थोडक्यात अशी. एकूण ४२ प्रश्न, सुमारे ४५ मिनिटं, आणि सगळं एकदाच ऐकवतात. पार्ट ए मध्ये पेशंटशी झालेली २ संभाषणं, प्रत्येकी सुमारे ५ मिनिटांची, आणि २४ रिकाम्या जागा. पार्ट बी मध्ये वॉर्डातले ६ छोटे तुकडे, प्रत्येकावर एक प्रश्न. पार्ट सी मध्ये मुलाखत किंवा व्याख्यान असे २ भाग आणि १२ प्रश्न. ब्रिटनमध्ये नर्स म्हणून नोंदणीला लिसनिंग, रीडिंग, स्पीकिंगमध्ये ५०० पैकी ३५० लागतात, रायटिंगला ३०० चालतात. ४२ पैकी ३० च्या आसपास बरोबर आले की ३५० हाताशी येतात, असा ढोबळ हिशेब तयारी करणारे धरतात.

गुण जातात ते मुख्यतः पार्ट ए मध्ये, आणि संचांची खरी किंमतही तिथेच कळते. ५ मिनिटांत १२ जागा, म्हणजे एका जागेला सरासरी २५ सेकंद. नोट्स डॉक्टरी भाषेत छापलेल्या असतात आणि पेशंट बोलतो घरगुती भाषेत. कागदावर दुखण्याचा प्रकार विचारलेला असतो, पेशंट म्हणतो ‘पिन्स अँड नीडल्स’. म्हणजे मुंग्या. ‘वॉटरवर्क्स’ची तक्रार म्हणजे लघवीची. ‘ऑफ माय फूड’ म्हणजे जेवणावरची वासना उडाली. हे शब्द नर्सिंगच्या पुस्तकात सहसा सापडत नाहीत. दोन संभाषणांच्या स्क्रिप्टमध्ये असे डझनभर सहज निघतात, ते वहीत उतरवा.

सवयीची चूक कशी होते, त्याचं एक घरगुती उदाहरण घ्या. कागदावर छापलंय, गुडघेदुखी कशाने वाढते, पुढे रिकामी जागा. पेशंट म्हणते, ‘इट्स फाइन ऑन द फ्लॅट, इट्स कमिंग डाउनस्टेअर्स दॅट गेट्स मी.’ म्हणजे त्रास जिना उतरताना. ओपीडीत रोज ‘जिना चढताना दुखतं’ ऐकणारा हात आपोआप ‘क्लाइंबिंग स्टेअर्स’ लिहून मोकळा होतो. गुण गेला. इंग्रजी येत होतं, विषयही येत होता, फक्त कानाच्या आधी डोकं बोललं. अनुभवी सिस्टरांचे गुण नवख्यांपेक्षा इथे जास्त जातात, हे गमतीचं आहे. उपाय साधा आहे. पेशंटने वापरलेला शब्दच लिहायचा, त्याचं भाषांतर किंवा दुरुस्ती करायची नाही.

स्पेलिंगची भीती मात्र काढून टाका. पार्ट ए मध्ये शब्द ओळखू येत असेल तर चुकीचं स्पेलिंग चालतं, ब्रिटिश-अमेरिकन दोन्ही चालतात. ‘डायरिया’त कुठली अक्षरं कुठे, यात चार सेकंद घालवले की पुढची जागा हातची जाते. ‘हायपो’ आणि ‘हायपर’ ही गोष्ट वेगळी, तिथे अर्थच उलटा होतो.

आता उणी बाजू. उत्तरं दिली आहेत, पण चूक का झाली हे संच सांगत नाही. पार्ट बी आणि सी मध्ये हे फार जाणवतं. तिन्ही पर्यायांतले शब्द ऑडिओत ऐकू येतात, आणि ऐकू आलं म्हणून निवडलं की फसलं. समजा, एका नर्सने दुसरीला सांगितलं की ड्रेसिंग बदलायचं ठरलं होतं, पण सर्जन राउंडला येईपर्यंत थांबू. प्रश्न असतो, तिचं म्हणणं काय. ‘ड्रेसिंग बदला’ हा पर्याय कानाला ओळखीचा वाटतो, उत्तर ‘थांबा’ असतं. वाक्य ‘बट’च्या आधी की नंतर, एवढ्यावर सगळं फिरतं. ‘बट’, ‘दो’ (though), ‘इन फॅक्ट’ हे शब्द स्क्रिप्टवर पेनाने गोल करत गेलं, तर चार-पाच तुकड्यांनंतर सापळा दिसू लागतो. हे काम संच करून देत नाही, ज्याचं त्यानेच करायचं.

आकड्यांचा गोंधळ वेगळाच. ‘फिफ्टीन’ आणि ‘फिफ्टी’मधला फरक शेवटच्या ‘न’पेक्षा जोरावर ठरतो, ‘फिफ्टी’त जोर पहिल्या ‘फिफ्’वर पडतो. ०.५ ला ‘नॉट पॉइंट फाइव्ह’ म्हणतात, ते ‘नॉट’ नकारार्थी वाटून पान बिघडतं. ‘हाफ सेव्हन’ मात्र मराठी माणसाला देणगीच आहे, आपलं साडेसात. ‘फोर्टनाइट’ म्हणजे दोन आठवडे, महिना नाही. ‘कॅन’ची गंमत अशी की चालू बोलण्यात तो ‘कन’ होऊन दबतो आणि नकार ‘कान्ट’ असा ठळक येतो. ठळक ‘कॅन’ची वाट बघत बसलं की वाक्य निघून जातं.

म्हणूनच ऑडिओ ०.७५ च्या गतीने ऐकू नका. शहरातल्या काही वर्गांत हॉलमध्ये स्पीकर लावून दर वाक्याला पॉज देतात, तेही सरावाच्या दृष्टीने नुकसानीचं. मंद गतीत हे दबलेले शब्द फुगतात आणि परीक्षेत पुन्हा हरवतात.

वापरायची आमची पद्धत अशी. प्रश्नपत्रिका झेरॉक्सच्या दुकानातून छापून घ्या, पार्ट ए पाठपोट नको, पान उलटण्यात वेळ जातो. संगणकावर परीक्षा देणार असाल तर सराव टायपिंगनेच. पहिल्या बैठकीला पॉज नाही, मागे नेणं नाही. पार्ट ए च्या प्रत्येक संभाषणाआधी ३० सेकंद मिळतात, त्यात मथळे वाचा आणि प्रत्येक जागेत नाम हवंय, आकडा की क्रिया, एवढंच ठरवा. एक जागा सुटली तर रेघ मारून पुढे. सुटलेल्या जागेपाशी थांबल्याने पुढच्या दोन जातात, हे प्रत्येक चुकलेल्या पेपरवर सलग तीन कोऱ्या जागांच्या रूपात दिसतं.

दुसऱ्या दिवशी चुकलेल्या जागांचे १०-१० सेकंदांचे तुकडे स्क्रिप्ट न बघता तीनदा ऐका, मग स्क्रिप्ट उघडा. चुकीपुढे एक अक्षर लिहा. शब्दच माहीत नव्हता तर ‘क’. वाचून माहीत होता पण कानाला ओळखू आला नाही तर ‘ख’, जसं ‘मीग्रेन’ ऐकून ‘मायग्रेन’ न सुचणं. ऐकला पण लिहायला उशीर झाला तर ‘ग’. ‘क’ला वही, ‘ख’ला तो तुकडा मोठ्याने म्हणणं, ‘ग’ला लघुलेखन, म्हणजे ‘वीक’साठी आधी नुसतं ‘डब्ल्यूके’ लिहिणं आणि शब्द नंतर पूर्ण करणं. नागपुरात तयारी करणाऱ्यांची बहुतेक वही ‘ख’ने भरते. शब्द डोळ्याने शिकलेले असतात, कानाने नाही.

जागेचंही बोलायला हवं. एप्रिल-मेमध्ये खिडकीतल्या कूलरसमोर बसून सराव करणारे खूप. पंखा आणि पाण्याची मोटर यांच्या घोंगावण्यात स, फ, थ हे अशक्त आवाज आधी बुडतात. अनेकवचनाचा शेवटचा ‘स’ ऐकू येत नाही आणि दोष इंग्रजीला दिला जातो. ती ४५ मिनिटं कूलर बंद, पहाटे ५ ला बसलात तर निभतं. नाहीतर रबरी टोकांचे कानात घट्ट बसणारे इअरफोन घ्या, महागडे लागत नाहीत.

संपलेला संच पुन्हा सोडवून मिळालेले गुण धरू नका, उत्तरं पाठ झालेली असतात. पार्ट सी साठी ऑस्ट्रेलियाच्या एबीसीचा ‘हेल्थ रिपोर्ट’ हा पॉडकास्ट चांगला. मुलाखतीचा बाज तोच, आणि ऑस्ट्रेलियन उच्चारांची सवय होते. पार्ट ए ला त्याचा फारसा उपयोग नाही. विकतचे संच तेव्हाच घ्या, जेव्हा वहीत ‘क’ आणि ‘ख’ कमी होऊन ‘ग’ उरतो, कारण वेगाचा सराव नव्या ऑडिओशिवाय होत नाही. मोफतपैकी एक संच न उघडता ठेवा. परीक्षेच्या आधी आठ-दहा दिवस, परीक्षेच्याच वेळेला तो सोडवा. त्या दिवशी नाईट ड्युटीवरून आलेले नसाल एवढं मात्र वेळापत्रकात बघून घ्या.