सिलोन दालचिनी की जाड दालचिनी? आठ महिने वापरल्यानंतर

गेल्या पावसाळ्यात बाबांची, म्हणजे माझ्या सासऱ्यांची, साखर वाढली. कोणीतरी सांगितलं, रोज सकाळी कोमट पाण्यातून चमचाभर दालचिनी घ्या. मी रविवार पेठेतून पावकिलो जाड दालचिनी आणली, मिक्सरवर दळली आणि बरणी त्यांच्या हाती दिली. आधी माहिती काढायला हवी होती, याची खंत अजून आहे. आमच्या वर्षाच्या गोड्या मसाल्याला पन्नास ग्रॅम दालचिनी लागते. बाबा तेवढी तीन आठवड्यांत संपवत होते.

ही जाड, गडद, एका पदराची साल म्हणजे कॅशिया. चीन, इंडोनेशिया, व्हिएतनाममधून येते. तिच्यात कूमरिन नावाचं द्रव्य असतं आणि ते रोज जास्त पोटात गेलं तर काहींच्या यकृताला त्रास होतो. युरोपात ठरवलेली मर्यादा शरीराच्या वजनाच्या किलोमागे दिवसाला ०.१ मिलिग्रॅम आहे. बाबांचं वजन ६२ किलो, म्हणजे सहा मिलिग्रॅम. कॅशियाच्या एका ग्रॅममध्ये सरासरी तीनेक मिलिग्रॅम कूमरिन धरलं, तर दोन ग्रॅममध्येच ती मर्यादा गाठली जाते. त्यांचा चमचा अडीच ग्रॅमचा होता, तोही शीग लावून. हिशेब केला त्या दिवशी मी बरणी उचलून ठेवली.

सिलोन दालचिनीत कूमरिन नाममात्र असतं. बाहेरची साल खरवडून आतला पातळ पापुद्रा काढतात, म्हणून तिची सुरळी अनेक पदरांची, फिक्या रंगाची आणि बोटांनी चुरता येईल अशी असते. दापोलीच्या कृषी विद्यापीठाची ‘कोकण तेज’ याच जातीची आहे. पूड मात्र घेऊ नका. मी एकदा ‘सिलोन’ म्हणून पूड आणली, तिचा वास आणि तिखटपणा थेट जाड दालचिनीचा होता. दळल्यावर डोळ्यांना फरक कळत नाही. आता अख्ख्या सुरळ्याच आणते, किंमत जवळपास तिप्पट पडली तरी.

पोषणाचं म्हणाल तर १०० ग्रॅम दालचिनीत ५३ ग्रॅम तंतू, १००० मिलिग्रॅम कॅल्शियम, ८ मिलिग्रॅम लोह. जातीनुसार आकडे थोडे वरखाली होतात. पण चमच्यातून मिळणारं कॅल्शियम २५ मिलिग्रॅम, एवढं दुधाच्या दोन घोटांत मिळतं. मँगनीज तेवढं दखल घेण्याजोगं, अर्ध्या मिलिग्रॅमच्या जवळपास. त्यामुळे पोषणासाठी कुठली जात चांगली, या प्रश्नात मला फारसा अर्थ वाटत नाही. रोज घ्यायची असेल तर कूमरिन बघावं.

साखरेचं काय झालं? तीन महिन्यांची सरासरी थोडी उतरली. पण त्याच काळात डॉक्टरांनी गोळी बदलली आणि बाबा रोज संध्याकाळी तळजाईच्या टेकडीवर चालायला लागले. श्रेय दालचिनीला देणं मला पटत नाही. गोळी बंद करून दालचिनीच्या भरवशावर तर कोणीच राहू नये. आणि यकृताचा त्रास असेल किंवा रक्त पातळ करायची गोळी चालू असेल, तर आधी डॉक्टरांना विचाराच.

आता ते अर्धा चमचा सिलोन घेतात. चव गोडसर, सौम्य, त्यांना आवडते. यंदा मसाल्यातही तीच घालून पाहिली, पण आमटीला नेहमीचा जोर आला नाही. मसाल्यासाठी पुन्हा जाड आणली. दोन्ही बरण्यांवर चिठ्ठ्या लावल्या आहेत: ‘मसाल्याची’ आणि ‘बाबांची’.