ट्रोपोमीचा मोफत मिथेन डेटा: उत्तम आहे, पण गाळल्याशिवाय वापरू नका

सेंटिनेल-५पी हा युरोपीय उपग्रह १३ ऑक्टोबर २०१७ रोजी सोडला गेला. त्यावरचं ट्रोपोमी हे उपकरण २६०० किलोमीटर रुंदीचा पट्टा टिपत रोज जवळपास सगळी पृथ्वी पाहतं. त्याचा मिथेनचा डेटा कोपर्निकस डेटा स्पेस या युरोपीय संकेतस्थळावर नोंदणी केली की फुकट उतरवता येतो. जगभराचा, रोजचा आणि विनामूल्य असा मिथेनचा दुसरा इतका चांगला डेटा आज नाही. कचरा, तेल-वायू किंवा शेतीवर काम करणाऱ्यांनी तो जरूर शिकून घ्यावा.

जमिनीवरून परतलेल्या सूर्यप्रकाशातला २.३ मायक्रोमीटरच्या आसपासचा भाग मिथेन किती शोषतो, यावरून हवेच्या संपूर्ण स्तंभातलं सरासरी प्रमाण काढलं जातं. साहजिकच रात्री मोजमाप होत नाही आणि ढगाखालचंही दिसत नाही. वेळ स्थानिक दुपारी दीडच्या सुमाराची. एक पिक्सेल सुरुवातीला ७ × ७ किलोमीटरचा होता, ऑगस्ट २०१९ पासून ५.५ × ७ आहे, तोही पट्ट्याच्या मध्यावर. कडेला तो बराच रुंदावतो.

उतरवताना एल-२ (म्हणजे प्रत्येक पिक्सेलचं प्रमाण आधीच काढून दिलेल्या) मिथेनच्या फाइल घ्या. एक फाइल म्हणजे एक प्रदक्षिणा. पायथन या प्रोग्रामिंग भाषेत उघडल्यावर आत काहीच दिसलं नाही तर फाइल खराब आहे असं समजू नका: मोजमापं 'प्रॉडक्ट' या गटात असतात, तो गट सांगूनच फाइल उघडावी लागते. मिथेनच्या आकड्यांचे एकाहून अधिक रकाने मिळतील. त्यातला 'बायस करेक्टेड' (ठरावीक चूक सुधारलेला) वापरा. काळ्या, कमी प्रकाश परतवणाऱ्या जमिनीवर मूळ आकडा कमी येतो, ती चूक यात सुधारलेली असते. त्यानंतर 'क्यूए व्हॅल्यू' (मोजमापाच्या दर्जाचा गुण) ०.५ पेक्षा जास्त असलेलेच पिक्सेल ठेवा. ही किंमत फाइलमध्ये ० ते १०० अशी साठवलेली असते. तुमचं सॉफ्टवेअर तिला ०.०१ ने गुणत नसेल, तर ०.५ ची चाळणी लावूनही जवळजवळ सगळा कचरा आत येतो. अनेक वर्षांचा कल काढायचा असेल तर सगळा काळ एकाच पद्धतीने पुन्हा प्रक्रिया केलेला घ्या. वेगवेगळ्या आवृत्त्या जोडल्या की सांध्यावर खोटी उडी दिसते.

सर्वात जास्त फसगत होते ती खोट्या झोतांमुळे (झोत म्हणजे स्रोतापासून वाऱ्याबरोबर पसरणारा मिथेनचा पट्टा). नकाशावर लाल पट्टा दिसला की आधी तीन गोष्टी तपासा. पट्टा उपग्रहाच्या वाटेला समांतर असेल तर तो उपकरणाचा दोष. त्याच फाइलमधल्या जमिनीच्या परावर्तनाच्या किंवा धूलिकणांच्या नकाशात तोच आकार उमटत असेल, तरी तो मिथेन नव्हे. खरा झोत वाऱ्याच्या दिशेने जातो, म्हणून त्या तासाचा वारा ईआरए५ या जागतिक हवामान डेटामधून काढून वर ठेवून पाहा.

किती मोठा स्रोत दिसेल, याचा हिशेब सोपा आहे. समुद्रसपाटीजवळ एका पिक्सेलवर १ पीपीबी (अब्जात एक भाग) वाढ म्हणजे साधारण २२० किलो मिथेन. तासाला १० टन सोडणारा स्रोत आणि सेकंदाला ५ मीटर वारा धरला, तर ७ किलोमीटर ओलांडायला हवेला २३ मिनिटं लागतात. तेवढ्यात जमा होतात सुमारे ३.९ टन, म्हणजे १८ पीपीबीच्या आसपास. पार्श्वभूमी, म्हणजे हवेत एरवीही असणारं प्रमाण, सुमारे १९०० पीपीबी, एकेका पिक्सेलची अनिश्चितता १० पीपीबीच्या घरात. त्यामुळे एवढा स्रोत एका दिवसाच्या चित्रात काठावरच असतो. लहान स्रोतांसाठी अनेक दिवसांची चित्रं वाऱ्याच्या दिशेने फिरवून एकमेकांवर ठेवावी लागतात.

मुंबईचं उदाहरण यासाठी महत्त्वाचं आहे. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ट्रोपोमीने शहर दाखवलं आणि सुमारे २५ मीटर बारकाईने पाहणाऱ्या जीएचजीसॅट उपग्रहांनी नेमकी कचराभूमी. कांजूरमार्गच्या कचराभूमीचं उत्सर्जन तासाला ९.८ टन निघालं. कांजूरमार्ग आणि देवनार या दोन कचराभूमींत दहा किलोमीटरहून कमी अंतर आहे, म्हणून नुसत्या ट्रोपोमीवरून यातल्या एकीवर बोट ठेवणं चुकीचं ठरेल. खाडी आणि समुद्रामुळे इथले पिक्सेल गळतातही फार, कारण या तरंगलांबीला पाणी जवळजवळ काळं दिसतं. जून ते सप्टेंबर कोकण किनाऱ्यावर ढगांमुळे डेटा नसल्यातच जमा. म्हणून चांगल्या हिवाळी दिवसांच्या सरासरीला 'वार्षिक' म्हणू नका.

गूगल अर्थ इंजिन या ऑनलाइन नकाशा-विश्लेषण सेवेवर हाच डेटा ०.०१ अंशाच्या जाळीत तयार मिळतो. झटपट नकाशासाठी तो सोयीचा आहे. मात्र त्यातला सुमारे १.१ किलोमीटरचा चौकोन ही फक्त मांडणी आहे, मोजमाप ५.५ × ७ चंच. त्या नकाशात वॉर्डनिहाय फरक शोधू नका, आणि उत्सर्जनाचा आकडा काढायचा असेल तर मूळ एल-२ फाइलवरच काम करा.