22 इंची ‘फोर्ज्ड’ चाकांच्या नावाखाली मला लुबाडलं, मोठी एसयूव्ही असेल तर वाचाच

सरळ मुद्द्यावर येते, कारण अजून डोकं तापलेलंच आहे. एअर सस्पेन्शनवाली (म्हणजे हवेच्या स्प्रिंगवर चालणारी) मोठी एसयूव्ही आहे आमची, कंपनीकडून 20 इंची चाकांवर आलेली, टायर 255/55 आर20. आणि ती घेतलीच मुळात आईसाठी, तिच्या मणक्याचं ऑपरेशन झालंय, गाडी इतकी मऊ चालायची की बसल्या बसल्या तिचा डोळा लागायचा. टायर झिजले म्हणून मी फक्त टायर बदलायला गेले होते आणि घरी आले ती 22 इंची चाकं, 285/40 टायर घेऊन, आणि कंपनीची चारही मूळ चाकं त्या टायरवाल्याच्या दुकानात सोडून.

मला कोणी भोळी म्हणू नका. जायच्या आधी मी टायरबद्दल बरंच वाचलं होतं आणि त्याला प्रश्नही विचारले होते. पण ही माणसं सगळंच खोटं बोलत नाहीत ना, तिथेच घात होतो. त्याने माझ्यासमोर कागदावर गणित मांडलं, जुन्या चाकाचा टायरसकट व्यास 788 मिलिमीटर, नव्याचा 787, म्हणजे स्पीडोमीटर चुकणार नाही, गाडीची उंची बदलणार नाही. हे गणित बरोबरच आहे, आजही बरोबर आहे. पण बाहेरचा व्यास तोच ठेवून आतलं चाक दोन इंचांनी वाढवलं तर ती जागा येते कुठून, हे त्याने सांगितलं नाही. ती येते टायरच्या भिंतीतून. 255/55 ची साइडवॉल, म्हणजे 255 मिलिमीटर रुंदीच्या 55 टक्के, 140 मिलिमीटर, 285/40 ची 114. म्हणजे रस्ता आणि धातू यांच्यामधलं 26 मिलिमीटर रबर आणि हवा गेली.

मी विचारलंही, राइड कडक नाही ना होणार? तर म्हणे, “मॅडम, एअर सस्पेन्शन आहे तुमच्याकडे, टेन्शन काय घेता, ते सगळं खाऊन टाकतं.” खाऊन टाकत नाही! हवेची स्प्रिंग गाडीचे मोठे, संथ हेलकावे सांभाळते. पुलाचा जोड, खड्ड्याची धार, झाकणाचा कंगोरा असला बारीक आणि झटकन येणारा धक्का आधी टायरच्या भिंतीने गिळायचा असतो, आणि ती भिंतच आखूड असेल तर तो धक्का थेट बॉडीत येतो. त्यात चाक जड झालं की ते खड्ड्यातून वर उडतं आणि शॉकॲब्सॉर्बरला ते वेळेत आवरता येत नाही, संथ वेगात गाडी सारखी थरथरते. हे मला आता तोंडपाठ आहे, तेव्हा एका तरी माणसाने सांगायला हवं होतं.

“कंपनीसुद्धा 22 इंच देते की” हे दुसरं वाक्य. देते ना. पण कंपनी त्या गाडीसाठी जुळवून घेतलेला टायर देते, त्यावर तशी खूण असते, मर्सिडीजची एमओ, ऑडीची एओ, बीएमडब्ल्यूचा तारा. कुठल्या कुठल्या टायरमध्ये आवाज कमी करायला आतून फोमचा पट्टाही असतो. माझ्या टायरवर ना खूण होती ना आत फोम.

आता तो क्षण, जो आठवला की आजही हाताच्या मुठी वळतात. मला सांगितलं होतं की ही चाकं फोर्ज्ड, म्हणजे धातू दाबून घडवलेली आहेत, एकेक 12.5 किलोचं, म्हणजे आकाराने मोठी असूनही माझ्या जुन्या चाकांपेक्षा हलकी. मी काचेच्या पलीकडे बसले होते. फिटरने माझं जुनं, नुसतं रिकामं चाक एका हाताने उचलून बाजूला ठेवलं. आणि नवं रिकामं चाक टायर चढवायच्या मशीनवर न्यायला दोन्ही हात लावले, मध्ये गुडघ्यावर टेकवलं, मग पुन्हा उचललं. मी बघत होते. माझ्या डोळ्यांसमोर घडत होतं! पण नेमका तेव्हाच मालक बिल घेऊन आला, बोलण्यात गुंतवलं, टायरवरची लेबलं का काढलीत विचारलं तर म्हणाला पॉलिश करताना निघतात. वजनकाटा घेऊन कोण जातं हो टायरच्या दुकानात? समोरचा कॅटलॉग उघडून वजन दाखवतो तेव्हा माणूस विश्वासच ठेवतो.

बिलावर काय लिहिलं होतं, तर “22 इंच अलॉय व्हील टायरसह, सेट 1”. बस. फोर्ज्ड हा शब्द नाही, वजन नाही, लोड इंडेक्स (टायर किती भार झेलतो ते सांगणारा आकडा) नाही, टायरचा सिरियल नंबर नाही. यातलं एकही बिलात लिहायला नाही म्हणाला तर गाडी लिफ्टवर चढवूच देऊ नका.

आईने पहिल्याच फेरीत पाठीला उशी मागितली. मला वाटलं, नवे टायर आहेत, सरावतील. मग शंभरच्या आसपास स्टीअरिंगला थरथर सुरू झाली, रस्त्यावर चाकोऱ्या असल्या की गाडी आपोआप त्यात ओढली जायची आणि एका साध्या खड्ड्यात पुढच्या डाव्या टायरला भिंतीवर फुगा आला, म्हणजे आतले धागे तुटले. दुसऱ्या एका जाणत्या टायरवाल्याकडे नेली, त्याने चाकं उतरवली आणि एकेक गोष्ट दाखवत गेला.

रिकाम्या चाकाचं वजन 19.2 किलो. 12.5 सांगितलेलं. जुनं कंपनीचं 15.4 होतं. फोर्ज्ड वगैरे काही नाही, सरळ साच्यात ओतलेलं कास्ट चाक, मागच्या बाजूला ना जेडब्ल्यूएल ना व्हीआयए या चाकाच्या दर्जाच्या जपानी खुणा, किती भार झेलेल याचाही आकडा नाही. मधलं भोक हबपेक्षा (चाक ज्यावर बसतं त्या भागापेक्षा) मोठं आणि ती फट भरणारी रिंग बसवलेलीच नाही, म्हणून ती थरथर. ऑफसेट, म्हणजे चाक हबवर किती आत बसतं तो आकडा, 45 चा 30 केलेला, म्हणजे प्रत्येक चाक 15 मिलिमीटर बाहेर, बेअरिंगवर जास्तीचा ताण. टायरचा लोड इंडेक्स 106, म्हणजे 950 किलो. माझे मूळ टायर 110 चे होते, 1060 किलोचे. एका टायरमागे 110 किलोची फसवणूक. आणि ते झाकायला हवा भरली होती 46 पीएसआय, गाडीच्या दारावरच्या स्टिकरवर 34 लिहिलेलं असताना. साधा टायर, एक्सएल (जास्त भाराचा) नसलेला, आपला पूर्ण भार 36 च्या आसपासच गाठतो, त्यावर कितीही हवा भरा, त्याची ताकद वाढत नाही, तो फक्त दगड होतो.

आणि तारखा. दोन टायरवर 2218, एकावर 4118, चौथ्यावर 0920. पहिले दोन आकडे आठवडा, पुढचे दोन वर्ष, हे बहुतेकांना माहीत असतं, मलाही माहीत होतं. पण पूर्ण कोड बऱ्याचदा टायरच्या एकाच बाजूला असतो आणि माझ्या चारही टायरवर ती बाजू आत होती. नवे म्हणून विकलेल्यातले तीन टायर पाच वर्षांच्या पुढचे निघाले. टायर चढवायच्या आधी, जमिनीवर असतानाच कोड बघा आणि फोटो काढा.

पैशाचं सांगते. 60 टक्के आधी घेतले, 40 टक्के चावी देताना. माझी मूळ चाकं, हवेचे सेन्सर बसवलेली, एक्स्चेंजमध्ये धरली एकूण बिलाच्या 15 टक्क्यांना. परत मागायला गेले तर “विकली गेली”. तशीच कंपनीची चार चाकं आणि सेन्सर नव्याने घ्यायला मला त्याच बिलाच्या 70 टक्के मोजावे लागले, वर टायर वेगळे. आपली मूळ चाकं कधीच, कुठल्याही भावाला देऊ नका, घरात जागा नसली तरी देऊ नका.

आता ज्यांनी मदत करायची त्यांच्याबद्दल. ग्राहक तक्रार विभागाने अर्ज घेतला आणि म्हणाले हा वस्तूच्या दर्जाचा वाद आहे, तज्ज्ञाचा अहवाल आणा. अहवाल आणला, स्वतःचे पैसे भरून, तर म्हणे बिलात फोर्ज्ड लिहिलेलं नाही मग फसवणूक कशी सिद्ध होणार. अहो, बिलात लिहिलं नाही हीच तर फसवणूक आहे! पोलीस म्हणाले दिवाणी मामला आहे. टायर कंपनीचा माणूस फुगा बघून म्हणाला, खड्ड्याचा मार आहे, वॉरंटीत बसत नाही, आणि टायरच्या वयाबद्दल विचारलं तर दुकानदाराशी बोला. गाडीच्या सर्व्हिस सेंटरने तर कहर केला, पुढचं बेअरिंग गुंगुणायला लागलंय ते तपासा म्हटलं तर “बाहेरची चाकं आहेत, सस्पेन्शनचं काहीच वॉरंटीत धरता येणार नाही” असं लेखी हातात ठेवलं. आणि तक्रार विभागातला एक अधिकारी मला म्हणतो, “पण गाडी दिसायला तर छान दिसते की मॅडम.” मी दिसण्याची तक्रार घेऊन गेले होते का? 950 किलो आणि 1060 किलो यातला फरक कळायला कुठला कायदा लागतो? प्रत्येक टेबलावर मला पुढचं टेबल दाखवलं, आणि प्रत्येक जण असं बोलतो की जणू मीच हौस करायला गेले होते. मी विचारून घेतलंय, आकडे विचारून घेतलेत, खोटे आकडे त्याने दिलेत. जाब त्याला विचारा ना.

कॅटलॉगमधलं ते वजनाचं पान मी दुकानात फोनवर टिपून ठेवलं होतं, त्याने काय सांगितलं होतं याचा आज माझ्याकडे तेवढाच एक भक्कम पुरावा आहे. तुम्हीही दाखवलेलं प्रत्येक पान टिपून ठेवा. शक्य असेल तर बोलणं मेसेजवर आणा, “12.5 किलो फोर्ज्ड, लोड इंडेक्स 110, कन्फर्म करा” एवढं पाठवा, सरळ दुकानदार लगेच हो म्हणतो.

गाडी आता पुन्हा 20 इंचावर आहे, 110 चे एक्सएल टायर, हवा स्टिकरप्रमाणे 34, आणि आई उशीशिवाय बसते. त्या मालकाने परवा फोन करून बिलाच्या 10 टक्के परत देतो, तक्रार मागे घ्या म्हणून सांगितलं. मी नाही म्हणाले. ती चारही चाकं आणि टायर मी जपून ठेवलेत, फुगा आलेलासुद्धा, आणि सुनावणीला तेच समोर ठेवणार आहे.