कॅम्पातले जुन्या पोर्सेलिनचे दुकान : माल चांगला, चिठ्ठ्या बेभरवशाच्या

कॅम्पातील एका आडगल्लीत जुन्या युरोपीय पोर्सेलिनचे छोटेखानी दुकान आहे. पुतळ्या आणि फुलदाण्या कुलपात असल्या, तरी कपबश्या उघड्या फळ्यांवर मांडलेल्या असून मालक त्या गिऱ्हाइकाला निवांत उलटसुलट करून पाहू देतात. या छंदात खरी माहिती तळाशीच असते, त्यामुळे ही मुभा मोठी आहे.

अडचण चिठ्ठ्यांची आहे. तळाशी निळ्या तलवारींची फुली दिसली, की ‘माइसेन, अठरावे शतक’ असे लिहून दुकान मोकळे होते. सॅक्सनीचा अधिपती ऑगस्टस याने सोने करून देईल या आशेने नजरकैदेत ठेवलेल्या ब्योटगर या किमयागाराच्या प्रयोगांतून पांढरे, कठीण पोर्सेलिन साधले आणि १७१० मध्ये माइसेनचा कारखाना उभा राहिला, हा इतिहास खराच. परंतु तिथल्या तलवारींची खूण इतकी नावाजली, की पुढे अनेकांनी तिची सर्रास नक्कल केली. मी हाती घेतलेल्या फुलांच्या नक्षीच्या बशीवर तलवारींखाली बारीक अक्षरांत ‘मेड इन जर्मनी’ असेही होते. आयात मालावर देशाचे नाव घालण्याची सक्ती अमेरिकेत १८९१ पासून लागू झाली आणि ब्रिटनचा तसा कायदा १८८७ चा, तेव्हा अठराव्या शतकाचा प्रश्नच उरत नाही. शिवाय माइसेनची निळी खूण सहसा झिलईच्या आत असते आणि बोटाला लागत नाही. इथे ती नखाला अडत होती. किंमत मात्र चिठ्ठीला शोभेल अशीच होती.

इंग्लिश बोन चायनाबाबत असे काही म्हणावे लागत नाही. मिश्रणात जवळजवळ निम्मी हाडांची राख असल्यामुळे येणारा दुधाळ पांढरेपणा इथल्या कपांत स्पष्ट दिसतो, मोबाइलच्या उजेडात मागे धरलेल्या बोटांची सावली उमटते आणि भावही रास्त आहेत. टिचकी मारून नाद अवश्य ऐकावा, कारण केसाएवढी चीर डोळ्यांतून सुटते, पण बद्द आवाजात सापडते. पूर्ण संच क्वचितच मिळतो. बांधणी वर्तमानपत्राच्या कागदात होते. दुचाकीवर आलेल्यांनी जाड टॉवेल सोबत ठेवावा.

महागडी वस्तू घ्यायची असेल, तर कारखाना आणि काळ बिलावर लिहून मिळेल का, हे आधी विचारावे. त्या फुलांच्या बशीसाठी मालकांची तयारी ‘जुनी बशी, एक नग’ एवढेच लिहून देण्याची होती.